फ्रेंच मस्केट घ्यायचीय? आधी तिचे सुटे भाग वाचायला शिका

अठराव्या शतकातली फ्रेंच लष्करी बंदूक घ्यायची म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ओरिजिनल कशी ओळखायची. प्रश्न बरोबर आहे पण अर्धाच आहे. पूर्ण नकली बंदूक त्या मानाने कमी भेटते, जास्त भेटते ती खरीच पण दोन-तीन बंदुकांची मिळून झालेली, नळी एकीची, लॉक (ठिणगी पाडून दारू पेटवणारी यंत्रणा) दुसरीचं, दस्ता (लाकडी भाग) तिसरीचा. आणि हा उद्योग फ्रेंच सैन्याने स्वतःच भरपूर केलाय, त्यामुळे मिक्स आहे म्हणून लगेच नाक मुरडू नका. क्रांतीच्या काळात, म्हणजे १७९३ नंतर, माणसं भराभर भरती होत होती आणि हत्यारं पुरत नव्हती, तेव्हा गोदामातले जुने-नवे भाग जुळवून बंदुका बांधल्या गेल्या. तो मिक्स म्हणजे इतिहास. गेल्या पन्नासेक वर्षांत कोणा डीलरच्या मागच्या खोलीत झालेला मिक्स म्हणजे तुमच्या खिशाला भोक. या दोन्हीतला फरक कळायला लागला की अर्धं काम झालं.

आता सगळ्यात आधीची गोष्ट, जी सगळ्यात शेवटी सांगितली जाते. बंदूक हातात घेतली की ती भरलेली आहे का ते बघा. हसू नका, ठासणीची जुनी बंदूक आत बार (दारू आणि गोळी) तसाच ठेवून भिंतीवर टांगलेली सापडते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू कितीही जुनी झाली तरी पेट घेऊ शकते. नळीचं तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून लांब ठेवून गज (दारू-गोळी ठासायची काठी) हळूच आत सोडा, ठोकू नका, तोंडापाशी बोटाने खूण धरा, मग तोच गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. तो मागे बत्तीच्या भोकापर्यंत (नळीच्या बुडाशी आग आत जायचं भोक) पोचला पाहिजे. चार-पाच सेंटिमीटर आधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे, मग ती खाली ठेवायची आणि जाणकार गनस्मिथला बोलवायचं, स्वतः खरवडत बसायचं नाही.

मॉडेल्सचा गोंधळ सुरुवातीला फार वाटतो पण एवढा नाहीये. १७१७ ला पहिल्यांदा सगळ्या पायदळासाठी एकच नमुना ठरला, त्यात नळी लाकडाला खिळ्यांनी, म्हणजे आडव्या पिनांनी धरलेली आणि मध्ये एकच लोखंडी पट्टी. १७२८ ला पिना गेल्या आणि तीन पट्ट्या आल्या, ही मोठी सुधारणा, कारण नळी काढणं-घालणं सोपं झालं. गज आधी लाकडी होता, १७४० च्या दशकात लोखंडी-पोलादी आला. मग १७५४, मग सात वर्षांचं युद्ध हरल्यावर १७६३ चं दणकट आणि जड मॉडेल, ते फारच जड झालं म्हणून १७६६ ला हलकं केलं, त्यानंतर १७७० च्या आसपास बारीकसारीक बदल चालूच, आणि शेवटी १७७७, जिची नंतर थोडी सुधारलेली आवृत्ती नेपोलियनच्या सैन्यात सगळीकडे होती. कॅलिबर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, या सगळ्यात साधारण १७.५ मिमीच राहिलं.

पहिली खरेदी म्हणाल तर माझं मत सरळ आहे, १७७७ च्या कुटुंबातली घ्या. लाखोंनी बनली, म्हणून मिळते, म्हणून तुलनेला दुसऱ्या बंदुका भरपूर सापडतात आणि भाव डोक्यावरून जात नाहीत. ओळखायलाही सोपी, रंजकाची वाटी (पेटवायची दारू ठेवायची) पितळी असते आणि ती जरा तिरकी बसवलेली, दस्त्याच्या डाव्या अंगाला गाल टेकवायला खोलगट खाच कोरलेली, आणि चापाच्या मागे बोटं अडकायला दोन उंचवटे. ही तीन चिन्हं एकत्र दिसली की तुम्ही निदान बरोबर गल्लीत आहात. १७१७ किंवा १७२८ ची स्वस्तात मिळत असेल तर आनंदापेक्षा संशय जास्त आला पाहिजे.

टेप आणि कॅलिपर सोबत ठेवाच. १७६३ पासून पुढच्या पायदळी नळ्या सुमारे ११३.५ सेंटिमीटर, त्याआधीच्या सुमारे ११९. आता समोरची नळी ९५ भरली आणि विकणारा म्हणाला ही घोडदळाची दुर्मिळ आवृत्ती, तर आधी तोंडाकडची पट्टी आणि माशी बघा, लाकूड कुठे संपतंय ते बघा. युद्धं संपल्यावर शिकारीसाठी हजारो नळ्या कापल्या गेल्या, आणि नंतर संग्राहकांसाठी काही कापलेल्या नळ्यांना पुढे तुकडा जोडून पुन्हा लांब केलं गेलं. जोड बाहेरून घासून लपवतात, पण आतून बारीक टॉर्च सोडलात तर रेघ दिसू शकते.

मग लॉक. इथे खरा खेळ आहे आणि इथेच वेळ घालवायचा. १८४० च्या दशकात चकमकीच्या बंदुका टोपीवर (ठोक्याने पेटणारी छोटी धातूची टोपी) चालणाऱ्या केल्या गेल्या, घोडा बदलला, रंजकाची वाटी काढली, नळीला टोपी बसवायचं निपल लावलं. पुढे कलेक्टर मंडळींना चकमकच हवी म्हणून तेच काम उलटं करून परत चकमक बसवली. त्यात दरवेळी फसवणूक असते असं नाही, पण किंमत एकदम खाली येते आणि ते तुम्हाला सांगितलं गेलं पाहिजे. बत्तीच्या भोकाभोवती बघा, वेल्डिंगची फुगीर जागा, आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळा रंग, नवीन गोल बुश (भोकात बसवलेली धातूची कडी). लॉक प्लेटवर बुजवलेली स्क्रूची भोकं आहेत का बघा. आणि एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनीसुद्धा दिसते: खऱ्या चकमकीच्या बंदुकीत भोकाच्या आसपासची नळी आणि तिथलं लाकूड दारूच्या जळण्याने खाल्लेलं, खडबडीत असतं. बाकी सगळी बंदूक गंजलेली आणि नेमकी तीच जागा गुळगुळीत, हे जमत नाही.

लॉक दुसऱ्या बंदुकीचं आहे का हे लाकूड सांगतं. त्या काळात प्रत्येक लॉक हाताने घासून आपापल्या दस्त्यात बसवलं जायचं, एकाचं दुसऱ्यात सरळ बसायचं नाही. ओनोरे ब्लाँ हा फ्रेंच गनस्मिथ १७८० च्या दशकात एकसारखे, अदलाबदल होणारे लॉक बनवायच्या मागे लागला होता, ते बघून १७८५ मध्ये थॉमस जेफरसन इतका इम्प्रेस झाला की त्याने अमेरिकेला पत्र लिहून कळवलं, पण हा प्रकार रोजच्या कारखान्यात रुळायला बराच काळ गेला. म्हणून प्लेटच्या कडेला नखाची टोकं जातील एवढी फट असेल, किंवा खाचेत ताजं फिकट लाकूड दिसत असेल, तर लॉक नंतर आलंय. विकणारा लॉक उघडू देत नसेल तर घाई कसली, दुसरी बघा.

प्लेटवरची अक्षरं वाचायला फ्रेंच येण्याची गरज नाही. कारखान्याचं नाव असतं, शार्लव्हिल, सांत-एतिएन, मोबेज, नौदलाच्या बंदुकांवर ट्यूल. आणि त्याआधीचा शब्द राज्य कोणाचं ते सांगतो, राजा असताना ‘रॉयाल’, क्रांतीनंतर ‘नासिओनाल’, १८०४ पासून ‘अँपेरियाल’, १८१४ नंतर पुन्हा ‘रॉयाल’. म्हणजे नळी १७८० ची आणि लॉक ‘अँपेरियाल’ असेल तर ती कधीतरी कारखान्यात परत जाऊन आलीये, आणि हे शक्य आहे, वाईट नाही, फक्त भाव ‘१७७७ ची एकजात’ असा द्यायचा नाही. नळीवर अंडाकृतीत ई, एल, जी अशी अक्षरं दिसली तर ती एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या लिएजहून फिरून आलेली.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे सांत-एतिएनच्या बंदुकीलाही सगळे शार्लव्हिलच म्हणतात, त्यामुळे जाहिरात वाचून काही कळत नाही, प्लेटच वाचा. दुसरं, ‘यू.एस.’ चा ठसा. फ्रेंच नाटककार बोमार्शेने काढलेल्या कंपनीमार्फत फ्रेंच बंदुका गुपचूप अमेरिकेला गेल्या, आँफित्रीत जहाज १७७७ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या पोर्ट्समथला लागलं, आणि सरकारी माल चोरीला जाऊ नये म्हणून त्यावर ठसे मारले गेले. हा ठसा असला की किंमत कितीतरी पट होते, म्हणून तो नंतर मारणारेही निघाले. भिंग लावून बघा, खरा ठसा आजूबाजूच्या धातूइतकाच झिजलेला असतो आणि खड्ड्यातला काळपटपणा सलग असतो. गंजाने झालेल्या खळग्यावर ठसा चढलेला दिसला, म्हणजे आधी गंज मग ठसा, तर नमस्कार करून निघा.

आपल्याकडचा एक प्रकार सांगायलाच हवा. भारतात कोणी जुनी फ्रेंच बंदूक दाखवली की तिच्यासोबत पानिपत नाहीतर महादजी शिंदे फुकट मिळतात. कथेला आधार नाही असं नाही, इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झाला होता आणि १७६१ ला पानिपतावर होता, द ब्वान्यने शिंद्यांसाठी पलटणी उभ्या केल्या. पण द ब्वान्यच्या पलटणींसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली बंदुका बनत होत्या, अधिकाऱ्याचं नाव फ्रेंच म्हणून बंदूक फ्रेंच असा हिशोब नाही. कागद नसेल तर कथेचे शून्य रुपये.

कायदा देशागणिक वेगळा. अमेरिकेत फेडरल कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधीची बंदूक अँटिक धरतात, राज्याचे नियम मात्र वेगळे बघा. फ्रान्समध्ये १९०० च्या आधीची हत्यारं बहुतांशी ‘डी’ (D) वर्गात, मोकळी. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा पुराणवस्तू म्हणून सूट देतो ती दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच हत्याराला, म्हणजे चालू शकणाऱ्या मस्केटला नुसतं जुनं असून भागत नाही, घ्यायच्या आधी जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. शिवाय शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती परदेशी नेता येत नाही, मुलाकडे न्यू जर्सीला पाठवतो वगैरे विचार मनातून काढा.

घरी आणल्यावर हात शिवशिवतात, चकचकीत करायला. करू नका. शिपाई त्या काळी लोखंड घासून पांढरं ठेवायचे हे खरं आहे, पण तुमच्यासमोर आहे तो दोनशे वर्षांचा थर आणि गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. लाल गंज असेल तेवढ्यावर हलकं तेल लावून दोन दिवस ठेवा, मग पितळेच्या बोथट तुकड्याने हळूच खरवडा. लाकडाला वॉर्निश नाही, जवसाचं तेल नाही, पातळ मायक्रोक्रिस्टलाइन मेण पुरे. धातूला हात लावताना हातमोजे घाला, घामाचे ठसे महिन्याभरात गंजून वर येतात. चकमक न लावता घोडा सोडायचा नाही, तो तुटू शकतो आणि मग घोडा दुसऱ्या बंदुकीचा शोधत बसाल. आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लावू नका, आतल्या भिंतीला आडवी ठेवा, दोन्ही टेकूंना फेल्ट लावून.