जुना पीसी सारखा रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारायच्या आधी या चुका टाळा

घरातला आठ-दहा वर्षं जुना पीसी मधेच रिस्टार्ट व्हायला लागला की लोक त्याचं जे काही करतात ते बघून आता खरंच वैताग येतो. नातेवाईक, शेजारी, ओळखीचे अशांचे पीसी मी बरीच वर्षं बघतोय आणि माझ्याकडं मशीन येईपर्यंत त्याच्यावर दोन-तीन जणांचे प्रयोग झालेले असतात, मूळ बिघाड तसाच असतो आणि वर नवीन दोन बिघाड जमा झालेले असतात. त्याच त्याच चुका आहेत म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

पहिल्याच दिवशी फॉरमॅट मारणे

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. पीसी रिस्टार्ट झाला की घरातला कुणीतरी "व्हायरस असणार, फॉरमॅट मारून टाकू" म्हणतो आणि पेनड्राईव्ह घेऊन बसतो. का? तर तेवढं एक काम त्याला येतं म्हणून.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, रिटायर झालेले, सोसायटीचे हिशोब तेच बघायचे. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा जुना पीसी, एक्सेलमधे कित्येक वर्षांचा मेंटेनन्सचा हिशोब, आणि सगळं डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समधे, म्हणजे सी ड्राईव्हलाच. मुंज, लग्नं, काशीयात्रा सगळे फोटो पण तिथंच. पीसी दुपारी हिशोब करताना रिस्टार्ट व्हायला लागला, तर रविवारी भाचा आला आणि त्यानं काही न विचारता सी ड्राईव्ह उडवून विंडोज टाकायला घेतलं. आता गंमत नाही, खरं सांगतो, विंडोज इन्स्टॉल होत असतानाच अर्ध्यात मशीन रिस्टार्ट झालं. तिथं त्याला कळायला हवं होतं की जुनं विंडोज आता राहिलंच नाही, नवीन अजून पूर्ण आलेलं नाही, तरी मशीन पडतंय म्हणजे दोष विंडोजचा नाही. पण त्यानं पुन्हा टाकलं, परत पडलं, मग "सीडी खराब असेल" म्हणून दुसरीकडून कॉपी आणली आणि परत टाकलं.

माझ्याकडं आलं तेव्हा मी कॅबिनेटचं झाकण काढून एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या जाळीतून टॉर्च मारला, तर आतले दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे उभे डबे) वरून फुगलेले, एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकट द्रव सुकलेला. चांगला एसएमपीएस बसवला आणि रिस्टार्ट तिथंच थांबलं. पण फोटो? एकावर एक विंडोज टाकल्यामुळं डेटा पुसला गेलेला, रिकव्हरी सॉफ्टवेअरनं जे निघालं त्यातल्या बऱ्याच फोटोंची नावं आणि फोल्डर गेलेले, नुसते आकडे, आणि काही फोटो अर्धे करडे. हिशोबाच्या फाईली उघडेचनात. काकांनी पावतीपुस्तकं आणि पासबुक घेऊन सगळा हिशोब परत बसवला, या वयात. दोष निघाला एका एसएमपीएसचा. म्हणून मी या बाबतीत कडक बोलतो, लोकांना राग आला तरी चालेल.

माझी सवय सांगतो. मशीन जितका वेळ चालू राहतंय तेवढ्यात आधी कामाच्या फाईली बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या, आणि तेवढंही चालत नसेल तर हार्डडिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावायची किंवा साटा टू यूएसबीच्या केबलवर कॉपी करायची. मग पीसी चालू करून नुसता बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनमधे जाऊन सोडून द्यायचा, अर्धा-पाऊण तास. बायोसमधे असताना पण रिस्टार्ट झाला तर विंडोजचा काही संबंध नाही, फॉरमॅटचा विषय संपला. बायोसमधे टिकला तर लिनक्सचा लाईव्ह पेनड्राईव्ह (हार्डडिस्कवरचं विंडोज न वापरता थेट पेनड्राईव्हवरून चालणारा) लावून दोन-चार तास व्हिडिओ चालवायचे, तिथंही टिकला तरच विंडोज, ड्रायव्हर किंवा हार्डडिस्ककडं बघायचं. एवढा धीर ज्याला नाही त्यानं दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कधी होतंय तेच न बघणे

"सारखं होतं" एवढंच सांगतात लोक. सारखं म्हणजे कधी? मी कॅबिनेटला एक कागद चिकटवून ठेवायला सांगतो, रिस्टार्ट झालं की वेळ आणि तेव्हा काय चालू होतं ते लिहायचं. चार-पाच नोंदी झाल्या की निम्मं उत्तर मिळतं. चालू केल्यावर ठराविक वेळानं पडत असेल आणि लगेच परत चालू केल्यावर आणखी लवकर पडत असेल तर गरम होतंय. गेम किंवा व्हिडिओ लावल्यावरच पडत असेल तर एसएमपीएस नाहीतर उष्णता. घरात मिक्सर, पाण्याची मोटर किंवा फ्रीज सुरू होताना पडत असेल तर कॅबिनेट उघडायचीच गरज नाही, लाईनकडं आणि यूपीएसकडं बघा.

याच्यात एक सेटिंग आहे जे मी सगळ्यात आधी बदलतो. विंडोज निळी स्क्रीन दाखवून आपोआप रिस्टार्ट होतं आणि निळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायला मिळतच नाही. धिस पीसीवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथून अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि तिथली ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढायची. आता निळी स्क्रीन आली तर थांबून राहील, मोबाईलवर फोटो काढा. आणि टिक काढूनही निळी स्क्रीन न येता खटकन बंद होऊन चालू होत असेल तर बहुतेक वेळा वीज, एसएमपीएस, उष्णता किंवा बोर्ड यातलंच काहीतरी निघतं.

इव्हेंट व्ह्यूअरमधे, म्हणजे विंडोजच्या नोंदींच्या यादीत, कर्नल पॉवर ४१ ही नोंद दिसली की लोक घाबरून त्याच्यावरचे उपाय शोधत बसतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. कारण त्यात लिहिलेलं नसतं. त्याच्या डिटेल्समधे बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा एरर नंबर, शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायलाही वेळ मिळाला नाही असं समजायचं आणि परत वीजेकडं यायचं.

भिंतीपासून सुरुवात न करणे

लोक सरळ रॅमपासून सुरू करतात. मी भिंतीपासून करतो. सॉकेट सैल आहे का, प्लग काळा पडलाय का, एक्सटेंशन बोर्डवर आणखी काय काय लावलंय, पीसीच्या मागची पॉवर केबल हलवली की बंद पडतं का. आणि यूपीएस. त्यातली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत उतरते, लोक मात्र पीसीइतकाच जुना यूपीएस तसाच ठेवतात, लाईट क्षणभर डीम झाली की यूपीएस बॅटरीवर जायला बघतो, बॅटरीत दम नसतो, पीसी रिस्टार्ट. यूपीएस बाजूला काढून एक-दोन दिवस पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा, फुकटची टेस्ट आहे ही, पण कुणी करत नाही.

एक ट्यूशन घेणाऱ्या ताई होत्या, प्रश्नपत्रिकेची प्रिंट दिली की पीसी रिस्टार्ट. दुकानवाल्यानं रॅम बदलून दिली, मग प्रिंटरचा ड्रायव्हर, मग विंडोज, पैसे गेले आणि प्रकार तोच. लेझर प्रिंटर यूपीएसला लावलेला होता. लेझर प्रिंटरमधे टोनर कागदावर चिकटवायला हीटर असतो, तो गरम होताना एकदम कित्येकशे वॉट ओढतो, आणि घरातला ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉटचा. प्रिंटरची वायर काढून भिंतीच्या सॉकेटला लावली, काम झालं, एक रुपया न लागता. लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका, यूपीएसच्या माहितीपत्रकात पण बहुतेक वेळा हेच लिहिलेलं असतं.

स्वस्तातला एसएमपीएस

कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस मिळतो त्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, उचलून बघा, किती हलका आहे. मल्टिमीटर असेल तर मशीन चालू आणि कामात असताना मोकळ्या मोलेक्स कनेक्टरवर (एसएमपीएसमधून आलेला चार पिनांचा मोठा प्लग) मोजा, पिवळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्टमधे हवी आणि लाल ४.७५ ते ५.२५ मधे. बोर्डच्या मोठ्या प्लगमधली हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, हे व्हिडिओतलं ज्ञान विसरा. त्यात लोडच नसतो, पंखा तर खराब एसएमपीएसवर पण फिरतो. आणि मल्टिमीटरवर आकडे बरोबर आले तरी शंका असेल तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघणं हीच खरी टेस्ट.

एसएमपीएस उघडू मात्र नका. प्लग काढल्यावर पण आतल्या मोठ्या कपॅसिटरमधे ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. यावर मी कुणाचंही ऐकत नाही, कितीही इलेक्ट्रॉनिक्स येत असेल तरी. बदला, उघडू नका.

धूळ आणि थर्मल पेस्ट

कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबलेलं, वर विणलेलं कव्हर, शेजारी देवघर आणि उदबत्तीचा धूर. हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांवर, धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती कपड्यानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाटाण्याएवढी नवी लावायची, भरपूर लावली म्हणजे जास्त थंड असं काही नसतं. जुन्या इंटेलच्या ७७५ सॉकेटच्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात आणि घाई करणाऱ्यांकडून एक तरी पूर्ण बसत नाही, मग कूलर एका कोपऱ्यात उचललेला राहतो आणि मशीन आधीपेक्षा लवकर पडतं. बोर्ड उलटा करून चारी पिना पलीकडं फाकल्यात का ते डोळ्यानं बघा. झाकण काढून टेबल फॅन लावणं ही टेस्ट म्हणून ठीक, जास्त वेळ टिकला तर उष्णताच आहे हे कळतं. तसंच वर्षभर वापरू नका, पाल आणि झुरळं आत जातात.

रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरनं हलकी पुसा, पॉलिश पेपरनं अजिबात नको, वरचा थर निघून जातो. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा आणि मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) रात्रभर चालू द्या, दहा मिनिटांत "पास झाली" म्हणू नका.

रिसेटचं बटण आत अडकलेलं असतं कधीकधी. बोर्डवरची रिसेटची छोटी वायर काढून ठेवा, दोन दिवस बघा.

घड्याळ चुकतंय म्हणून बोर्डवरचा सेल बदला जरूर, सीआर २०३२ कुठंही मिळतो, पण रिस्टार्ट त्यानं थांबेल अशी आशा धरू नका.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून पीसी रिस्टार्ट होतोय, हे सध्या फार ऐकतोय. सपोर्ट संपला म्हणजे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले. त्यानं मशीन पडत नाही.

रजिस्ट्री क्लीनर आणि स्पीड वाढवणारी फुकट सॉफ्टवेअरं नकोच.

एवढं सगळं करून मदरबोर्डवरचेच, प्रोसेसरच्या शेजारचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर जी३१, जी४१ सारख्या कोअर टू ड्युओच्या काळातल्या बोर्डवर मी तरी आता खर्च करत नाही. जुन्या बाजारातला दुसरा बोर्ड तितकाच म्हातारा असतो आणि दुकानवाला त्याची गॅरंटी देत नाही. हार्डडिस्क काढून एक्स्टर्नल केसमधे घाला. नवा घेतलेला एसएमपीएस चांगला असेल तर तो पुढच्या पीसीला चालेल, फक्त त्याचे प्रोसेसरचे कनेक्टर नवीन बोर्डला पुरतात का ते आधी बघा.