पोरं घेऊन परदेशी जाताय? तिकिटाबरोबर कार सीटचं पण ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणीतनं आता बरीच जण पोरंबाळं घेऊन बहिणीकडं, दिराकडं दुबईला, लंडनला जातायत, व्हिसा, औषधं, चकली-चिवडा सगळं आधी ठरतंय पण एअरपोर्टवरनं घरी जाताना पोर गाडीत कुठं बसणार ते कोण विचारतच नाही. आजी म्हणतात, मी घेते की मांडीवर. कृपा करून नको. गाडी धडकली की पोराला एवढा जोराचा झटका बसतोय की कुणाच्याच हातात ते राहत नाही, मग आजी असू दे नाहीतर पैलवान. त्यासाठीच कार सीट पाहिजे, म्हणजे गाडीच्या सीटवर बसवायची पट्टेवाली पोरांची खुर्ची.

पहिलं काम म्हणजे जाताय त्या देशाचा नियम बघा, सगळीकडं वेगवेगळा आहे. ब्रिटनमध्ये 12 वर्षं किंवा 135 सेंटीमीटर उंची, यातलं जे आधी होईल तोवर सीट लागतंय, नसलं तर 500 पाउंडापर्यंत दंड, तो पण ड्रायव्हरला, म्हणजे तुमच्या पाहुण्यालाच. जर्मनीत 12 वर्षं किंवा 150 सेंटीमीटर. दुबईत 4 वर्षांखालच्या पोराला सीट पाहिजेच, आणि 10 वर्षांखालच्याला पुढं बसवायचं नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं, कॅलिफोर्नियात 8 वर्षांखालचं पोर मागच्या सीटवर कार सीट नाहीतर बूस्टरमध्येच (बूस्टर म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मोठ्या पोराला उंच करणारी बैठक).

आता सीट इथनं न्यायचं का? इथं बरेच जण फसतात. ब्रिटनमध्ये सीटवर गोलात इंग्रजी E असलेलं लेबल लागतंय, अमेरिकेत त्यांच्या स्टँडर्डचा स्टिकर, ऑस्ट्रेलियात तर त्यांचंच स्टँडर्ड पाहिजे, बाहेरचं सीट कितीही महाग असू दे, चालत नाही. म्हणून माझं मत विचाराल तर महिनाभर राहणार असाल तर पाहुण्यांना तिथंच घेऊन ठेवायला सांगा, पोराचं वजन आणि उंची मोजून कळवा, अंदाजे नको. कुणाचं जुनं मिळत असेल तर ॲक्सिडेंट झालेल्या गाडीतलं नाही ना हे तोंडावर विचारा, वाईट वाटू दे.

टॅक्सीचं वेगळंच. ब्रिटनमध्ये टॅक्सीत सीट नसलं तर पोराला मागं बसवून नेता येतंय. सिंगापूरमध्ये साध्या टॅक्सीला सूट आहे पण ॲपवरच्या प्रायव्हेट कारला नाही, तिथं 1.35 मीटरखालच्या पोराला सीट लागतंयच. सूट असली तरी सीटवाली गाडी आधीच बुक केलेली बरी.

बसवताना: पाठमोरं सीट, म्हणजे पोराचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असतंय ते, पुढं एअरबॅग चालू असलेल्या जागेवर कधीच नको. पट्टा खांद्याजवळ चिमटीत धरून बघा, चिमटीत आला तर सैल आहे, अजून ओढा. लंडनच्या थंडीत जाड जॅकेट घालून पट्टा लावला की तो घट्ट वाटतोय पण आतनं सैल राहतोय, म्हणून जॅकेट काढून पट्टा लावा आणि वरनं पांघरूण घाला.

आणि सवय इथंच लावा. आपल्याकडं पण 14 वर्षांखालच्या पोराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसलं तर 1000 रुपये दंडाचा कायदा आहे. गोव्यात मोपाच्या एअरपोर्टला विमान पकडायला चोर्ला घाटातनं जाणार असाल तर त्या वळणांवर पोर सीटमध्येच पाहिजे, त्याच्या आधी पंधरा दिवस बाजारात जाता-येताना रोज थोडं थोडं बसवा, रडलं तर गाडी बाजूला घेऊन थांबा पण पट्टा सोडून मांडीवर घेऊन पुढं निघू नका.