जुना पंखा भंगारात घालण्याआधी एवढं तरी बघा

कोकणात किनाऱ्याच्या गावात कुणाच्या ना कुणाच्या पडवीत, नाहीतर मागल्या दारी माडाच्या बुंध्याशी बोटीचा एखादा जुना पंखा पडलेला असतोच. भंगारवाला येतो, पायाने जरा ढकलून बघतो, पितळ आहे किलोवर घेतो म्हणतो आणि आपण देऊन मोकळे होतो. कृपा करून असं करू नका. तो पंखा काय आहे ते आधी वाचा, मोजा, मगच किंमत बोला. चालू बोटीला बसणारा पंखा आणि नुसता वितळवायचा पंखा वजनाला सारखेच भरतील, पण दोघांची किंमत एक नसते.

सुरुवात मधल्या जाड गड्ड्यापासून करायची, त्याला बॉस म्हणतात. सगळे छाप तिथेच ठोकलेले असतात, बॉसच्या अंगावर नाहीतर पुढच्या-मागच्या तोंडावर. वर शिंपांचा नि चुन्याचा थर असेल तर पंखा दोन दिवस गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि लाकडाच्या चिपेने खरवडा, ॲसिड नको आणि ग्राइंडर तर अजिबात नको, कारण एकदा अक्षरं घासली गेली की पंख्याची ओळखच गेली. मग पातळ कागद त्यावर धरून पेन्सिल आडवी घासा, डोळ्याला न दिसणारे आकडेसुद्धा कागदावर उठतात. रात्री बॅटरी बाजूने तिरकी मारली तरी दिसतात.

समजा ३० × २१ आरएच असं निघालं. पहिला आकडा व्यास इंचात, दुसरा पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात स्क्रूसारखा किती इंच पुढे जाईल ते, आणि आरएच म्हणजे उजवा, बोट पुढे जाताना मागून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा. आकडे शेकड्यात असतील, ७६० वगैरे, तर ते मिलिमीटर समजा. मेकरचं नाव मिळालं तर वयाचा अंदाज येतो. स्टोन मँगनीज मरीन हे नाव १९६३ मध्ये दोन जुन्या ब्रिटिश कंपन्या एक झाल्यावर आलं, म्हणजे त्या नावाचा पंखा त्याच्या आधीचा नाही. मिशिगन व्हील ही अमेरिकेतली, १९०३ पासूनची. मोठ्या जहाजाच्या पंख्यावर सीयू १ किंवा सीयू ३ असं असेल तर तो धातूचा ग्रेड, सीयू १ मँगनीज ब्राँझ आणि सीयू ३ निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ.

छाप नसेल तर स्वतः मोजा, आणि छाप असला तरी मोजाच. बॉसच्या मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत मोजून दुप्पट केलं की व्यास. छापापेक्षा कमी भरला तर टोकं झिजलीत किंवा कुणीतरी पंखा छाटलाय. उजवा-डावा ओळखायला पंखा बॉसवर आडवा ठेवायचा आणि आपल्या समोरच्या पात्याकडे बाजूने बघायचं, पात्याची उजवी कड वर असेल तर उजवा, डावी वर असेल तर डावा, पंखा उलटा ठेवलात तरी उत्तर बदलत नाही.

पिच मोजायला जरा निवांत बसावं लागतं. पंखा सपाट लादीवर ठेवा, मध्यापासून अंदाजे सत्तर टक्के अंतरावर (३० इंची पंख्याला साडेदहा इंच) पात्याच्या दोन्ही कडांवर खडूने खूण करा आणि गुण्या लावून दोन्ही खुणांची लादीपासूनची उंची घ्या. एक सव्वासहा इंच आणि दुसरी पावणेतीन आली तर फरक साडेतीन. आता मध्यापासून बघितलं तर या दोन खुणांमध्ये किती अंश आहेत ते कोनमापकाने काढा, समजा ६०. मग साडेतीन गुणिले ३६०, भागिले ६०, पिच आला २१. सगळी पाती अशी मोजा, एखाद्याचा आकडा वेगळा आला तर ते पातं वाकलंय.

भोक टेपर असतं, म्हणजे एका तोंडाला मोठं आणि दुसऱ्याकडे निमुळतं होत गेलेलं, त्याचंही माप हवं: मोठ्या तोंडाचा व्यास, लहान तोंडाचा व्यास आणि लांबी. मोठं २ इंच, लहान दीड, लांबी ६ असेल तर टेपर १:१२. भोकात चावीची, म्हणजे पंखा शाफ्टवर घसरू नये म्हणून घालतात त्या पट्टीची, खाच असते, तिची रुंदीही लिहून ठेवा, घेणारा पहिल्यांदा हेच विचारतो.

आता धातू. चुंबक घट्ट चिकटला तर बीड किंवा लोखंड, किंमत जवळजवळ वजनाचीच. उचलायला हलका आणि पांढरट असेल तर ॲल्युमिनियम, बहुतेक आउटबोर्डचा, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाचा. पिवळ्या धातूचा असेल तर मासे तोलायचा ताणकाटा घ्या. पंखा दोरीने अडकवून आधी हवेत तोला, मग गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून, तळाला-कडेला न टेकवता तोला. हवेतलं वजन भागिले दोन्हींतला फरक, ही झाली धातूची घनता. २० किलोचा पंखा पाण्यात १७.६ भरला तर उत्तर ८.३ च्या आसपास, म्हणजे मँगनीज ब्राँझ. ७.६ च्या जवळ आलं तर निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ, हा जास्त टिकाऊ आणि खाऱ्या पाण्यात कमी खाल्ला जातो. मँगनीज ब्राँझ नावाला ब्राँझ पण त्यात जस्त भरपूर, आणि समुद्र ते जस्त खातो. पातं खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी-तांबूस डाग दिसले तर तिथे आत धातू पोकळ झालाय. पंखा दोरीला टांगून पात्यावर लाकडी हातोडी मारा, चांगला असेल तर घंटेसारखा घुमतो, खाल्लेला किंवा तडा गेलेला असेल तर आवाज बद्द येतो. कडेचे दात वेल्डिंगने भरून येतात पण पात्याच्या मुळाशी तडा असेल तर तो पंखा बोटीला देऊच नका, समोरच्याची माणसं त्या बोटीवर असतात.

किंमत तीन प्रकारे काढा. भंगाराची म्हणजे वजन गुणिले त्या दिवसाचा दर, पण दर दोन-तीन ठिकाणी विचारा, मुंबईत दारूखाना म्हणून जुन्या जहाजांच्या भंगाराचा बाजार आहे, तिथलाही घ्या, आणि धातूचं नाव तुम्ही सांगा, त्याला ठरवू देऊ नका. दुसरी वापराची, म्हणजे नव्या पंख्याच्या भावातून दुरुस्ती, बॅलन्सिंग आणि वाहतूक वजा करून जे उरतं ते, अर्थात माप, टेपर आणि हात (उजवा की डावा) जुळणारी बोट मिळाली तरच. डावा-उजवा जोड असेल तर तोडू नका. तिसरी शोभेची, अलिबाग-तारकर्लीकडचे रिसॉर्टवाले घेतात, तिथे जुना हिरवट रंग, मेकरचा छाप आणि पंखा कुठल्या बोटीचा होता ही खरी माहिती याला पैसे मिळतात, चकाकी मारून घालवू नका.

जाळ्यात अडकून आलेला असेल तर मात्र आधी बंदर खात्याच्या ऑफिसात कळवा, बुडालेल्या जहाजाचा माल सापडला म्हणून आपला होत नाही. विकत घेताना पण कुणाकडून घेतला ते लिहून सही घ्या, चोरीचे पंखेही फिरतात.

चालू बोटीसाठी विकायचा असेल तर जून-जुलै बरा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि मिरकरवाडा म्हणा, हर्णै म्हणा, नाखवे, म्हणजे बोटमालक, नारळी पौर्णिमेआधी कामं उरकायच्या मागे असतात. चार फोटो पाठवा: समोरून, बाजूने, भोकाचा आणि पेन्सिलने उठवलेल्या छापाचा, सोबत वजन आणि मापं. मग बोट चालवणाऱ्या तांडेलाला विचारायला काही उरत नाही, तो थेट भावावर येतो.