नजर रोखूनही डोळा कसा हलतो, हे पाहण्याची रीत

एका ठिकाणी टक लावून पाहतानाही आपला डोळा स्थिर नसतो. तो संथपणे वाहवत जातो आणि मधूनच, साधारणतः सेकंदाला एक-दोनदा, एका अंशाहूनही लहान झटका घेतो. हे झटके आपल्याला जाणवत नाहीत. मात्र गोव्यातील ज्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी अजून शाबूत आहे, तिथे ते पाहण्याची उत्तम सोय आहे. अशी खिडकी नसेल तर कागदावर काळ्या रेघांची ठळक जाळी काढावी.

ज्या खिडकीवर थेट ऊन नाही, तिच्यासमोर चार-पाच हातांवर, डोके मागे भिंतीला टेकवून बसावे. लाकडी पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात, अशा एका फुलीवर सुमारे ३० सेकंद नजर रोखावी आणि मग ती शेजारच्या तावदानाच्या मधोमध न्यावी. खऱ्या जाळीवर तिचाच उलटा ठसा, म्हणजे उजळ पट्ट्या आणि काळसर तावदाने, तरंगू लागेल. हा ठसा दृष्टिपटलावरचा असल्यामुळे तो डोळ्याबरोबरच हलतो. म्हणून खऱ्या पट्ट्यांवरून त्याचे जे सरकणे दिसते, ती आपल्याच डोळ्याची हालचाल होय. मला स्वतःला हे दृश्य दरवेळी थक्क करते.

आता या झटक्यांचा आपल्या लक्षाशी, म्हणजे अवधानाशी, काय संबंध आहे ते पाहू. आमच्या आजोळच्या खिडकीत उजवीकडचे एक तावदान निखळले असून तिथे गंजलेला पत्रा ठोकला आहे. नजर जागची न हलवता केवळ लक्ष त्या पत्र्याकडे न्यावे आणि ठशाचे पुढचे झटके कोणत्या दिशेला जातात ते पाहावे. २००२ मध्ये हाफेद व क्लार्क या संशोधकांनी आणि २००३ मध्ये एंगबर्ट व क्लिग्ल या संशोधकांनी दाखवले की लक्ष जिकडे वळते, तिकडे या झटक्यांचा कल असतो. हा केवळ कल आहे, हे विसरू नये: अनेक झटके भलतीकडे जातात आणि झटक्याविनाही लक्ष वळू शकते, त्यामुळे एका झटक्यावरून कोणाचे लक्ष कुठे होते हे सांगणे चूक ठरेल. शिवाय, नवे काही अचानक दिसले की झटके क्षणभर थांबतात आणि नंतर वाढतात; पण ते इतक्या वेगाने घडते की ठशावरून ते टिपता येत नाही.

लक्ष कोणत्या बाजूला न्यायचे, हे स्वतः ठरवू नये. जवळ बसलेल्या कोणाला तरी मनाला येईल तसे ‘डावे’ किंवा ‘उजवे’ म्हणायला सांगावे आणि आपण दिसलेली दिशा लगेच बोलून दाखवावी, म्हणजे ती त्यांना लिहून घेता येईल. ठसा काही सेकंदांतच विरतो, म्हणून दरवेळी पुन्हा फुलीपासून सुरुवात करावी आणि डोळे चुरचुरू लागताच त्या दिवसापुरते थांबावे.