दोन लॅपटॉपच्या स्क्रीनची तुलना कशी करायची: आधी आतलं पॅनेल ओळखा

'या कंपनीची स्क्रीन भारी असते, त्या कंपनीची फिकी असते' असा सल्ला कोणी दिला की मला खरंच वैताग येतो, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक पैसे घालवतात. डेल, एचपी, लेनोवो, एसर, एसूस या कंपन्या आपली पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा स्क्रीनचा आतला भाग, बाहेरून घेतात. बीओई, एयू ऑप्ट्रॉनिक्स, इनोलक्स, एलजी डिस्प्ले, शार्प, सॅमसंग डिस्प्ले ही ती बनवणारी मंडळी. त्यामुळे एकाच ब्रँडच्या यादीत एकदम रद्दड पॅनेलचा लॅपटॉप आणि फोटो एडिटिंगला बिनधास्त घ्यावा असा लॅपटॉप शेजारी शेजारी असतात. तुलना करायची ती या मॉडेलच्या या पॅनेलची त्या मॉडेलच्या त्या पॅनेलशी.

सुरुवात सोपी आहे. साइझ आणि रिझोल्यूशन बघा, १५.६ इंचावर १९२० बाय १०८० म्हणजे इंचाला साधारण १४१ पिक्सेल, १४ इंचावर १९२० बाय १२०० म्हणजे १६२ च्या आसपास, आणि दिवसभर मजकूर वाचायचा असेल तर हा फरक डोळ्याला कळतो. ब्राइटनेस (ती निट्समध्ये मोजतात) २५० निट्स लिहिली असेल तर खिडकीजवळ बसायचं विसरा, ३०० घरात चालते, ४०० च्या पुढे आरामात. टीएन पॅनेल (जुन्या प्रकारचं, बाजूने बघितलं की रंग बदलणारं) असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही, सोडून द्या. एचडीआरचा (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवण्याचा) स्टिकर बघून भुलू नका, डिस्प्लेएचडीआर ४०० या पातळीला बॅकलाइटचं लोकल डिमिंगसुद्धा, म्हणजे स्क्रीनचा हवा तेवढाच भाग मंद करणं, सक्तीचं नाही.

आता खरी अवघड गोष्ट, रंग. इथे मी स्वतः फसलेय म्हणून जरा सविस्तर सांगते.

बहिणीला लॅपटॉप घ्यायचा होता, तिचं काम फोटो निवडायचं. दुकानात मांडलेला पीस बघितला, छान वाटला, आणि त्याच नावाचं मॉडेल ऑर्डर केलं. घरी आल्यावर तिने लाल स्वेटरचा एक फोटो उघडला, फोनवर तो टोमॅटोसारखा लाल दिसत होता आणि या स्क्रीनवर विटकरी, शिवाय चेहऱ्यावर एक मळकट छटा. मला वाटलं सेटिंग चुकलंय. दोन संध्याकाळी मी ड्रायव्हर बदलले, कलर प्रोफाइल बदलले, कॅलिब्रेशन करून बघितलं, काही उपयोग नाही. कारण पॅनेलला जो लाल दाखवताच येत नाही तो कॅलिब्रेशनने कुठून आणणार? आहेत ते रंग जागेवर बसवणं एवढंच कॅलिब्रेशन करतं. शेवटी दुकानात परत जाऊन त्यांच्या पीसचा पॅनेल कोड (तो कसा बघायचा ते पुढे सांगते) बघितला, तर तो वेगळा निघाला. मॉडेलचं नाव तेच, बाहेरून सगळं तेच, आत दुसरंच पॅनेल.

हे कसं ओळखायचं ते बघा. स्पेसिफिकेशनमध्ये '४५% एनटीएससी' किंवा '७२% एनटीएससी' किंवा '१००% एसआरजीबी' असं काहीतरी लिहिलेलं असतं. एनटीएससी हे १९५३ सालचं अमेरिकन रंगीत टीव्हीचं मानक, पॅनेलवाले अजून त्याच्याच टक्क्यात मोजतात. आपल्याला कामाचं आहे ते एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनने कोणते रंग दाखवायचे ते ठरवणारं दुसरं मानक, कारण वेबवरचे बहुतेक फोटो त्याच हिशोबाने बनलेले असतात. तर ७२% एनटीएससी म्हणजे जवळपास पूर्ण एसआरजीबी, ते घ्या. आणि ४५% एनटीएससी म्हणजे एसआरजीबीचा साधारण ६० ते ६५ टक्के भाग, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त रंग गायब. ४५ ऐकायला ७२ पेक्षा 'थोडं कमी' वाटतं, पण समोर ठेवल्यावर जुन्या धुतलेल्या कपड्यासारखं दिसतं. कोडिंग, हिशोब, टायपिंग एवढंच करायचं असेल तर ४५ वाला चालेल, मी नाही म्हणत नाही. फोटो, व्हिडिओ, डिझाइन यातलं काहीही करत असाल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

सगळ्यात मोठी मेख अशी की पुष्कळ ठिकाणी हा टक्का लिहिलेलाच नसतो. 'फुल एचडी, आयपीएस, अँटी-ग्लेअर, २५० निट्स' एवढंच असतं, आणि 'आयपीएस' वाचून लोक निश्चिंत होतात. आयपीएस म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फार बदलत नाहीत, बस, तो किती रंग दाखवतो याचा त्या शब्दाशी संबंध नाही. माझा नियम पक्का आहे, टक्का लिहिला नसेल तर ४५ समजायचा.

मग टक्का शोधायचा कुठे? लेनोवोचं पीएसआरईएफ आणि एचपीचं क्विकस्पेक्स ही त्या त्या कंपनीचीच कागदपत्रं आहेत, त्यात एका मॉडेलला किती वेगवेगळे डिस्प्ले येतात आणि प्रत्येकाची ब्राइटनेस किती, हे दिलेलं असतं, बऱ्याचदा रंगांचा टक्काही. तिथे एकाच नावाखाली तीन-चार डिस्प्ले दिसले की मॉडेलच्या नावावर जाऊ नका, पूर्ण पार्ट नंबर जुळवा, तो शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. नोटबुकचेकसारख्या लॅपटॉप तपासणाऱ्या वेबसाइटवर यंत्राने मोजलेले आकडे मिळतात, स्क्रीनवरच्या नऊ ठिकाणची ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंग आणि पॅनेलचा कोडसुद्धा. फक्त त्यांनी तपासलेला कोड आणि तुम्हाला मिळणारा कोड एकच आहे का ते बघा, नाहीतर ते आकडे तुमच्या कामाचे नाहीत.

समोर विंडोजचा लॅपटॉप असेल तर कोड बघायला एक मिनिट लागतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, मॉनिटर्स, त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. नाव 'जेनेरिक पीएनपी मॉनिटर' असं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. खाली 'मॉनिटर' या शब्दानंतरची पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची असतात, बीओई म्हणजे बीओई, एयूओ म्हणजे एयू ऑप्ट्रॉनिक्स, सीएमएन म्हणजे इनोलक्स, एलजीडी म्हणजे एलजी डिस्प्ले, एसडीसी म्हणजे सॅमसंग, आणि पुढची चार अक्षरं-आकडे त्या पॅनेलची ओळख. तो अख्खा कोड टाकून शोधलं की बऱ्याचदा पॅनेलचा लांबलचक नंबर सापडतो, त्यात १५६ दिसलं तर १५.६ इंच, १४० दिसलं तर १४ इंच.

रंगांचं झालं, आता दोन लॅपटॉप प्रत्यक्ष शेजारी ठेवायचे. इथे नव्वद टक्के लोक एकच चूक करतात, आहेत तसे ठेवतात आणि 'हा जास्त छान' म्हणून मोकळे होतात. जो जास्त उजळ आहे तोच डोळ्याला छान वाटतो, तुम्ही कितीही जाणकार असा. म्हणून दोन्हींना चार्जर लावा, नाइट लाइट किंवा ट्रू टोन (स्क्रीनची छटा आपोआप बदलणारी सेटिंग) बंद, 'व्हिव्हिड' वगैरे मोड बंद, आणि डिस्प्ले सेटिंगमधलं कंटेंटनुसार ब्राइटनेस बदलणारं सेटिंगही बंद, नाहीतर काळा फोटो आला की स्क्रीन आपोआप मंद होते आणि तुम्ही पॅनेलला दोष देत बसता. मग दोन्हीवर कोरं पांढरं पान फुल स्क्रीन उघडा आणि अँड्रॉइड फोनवर लक्स (उजेड) मोजणारं अॅप घेऊन फोनची पुढची बाजू सारख्याच अंतरावरून स्क्रीनकडे धरा. आकडा किती येतो याला महत्त्व नाही, दोन्हीकडे सारखा येईपर्यंत ब्राइटनेस जुळवा.

त्यानंतर आपले स्वतःचे फोटो पेन ड्राइव्हवरून उघडा. डेमो व्हिडिओ अजिबात नको, तो स्क्रीन चांगली दिसावी म्हणूनच बनवलेला असतो. एक माणसाचा जवळून काढलेला चेहरा, एक काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी राखाडी पट्टी, एक बारीक अक्षरांचं पान, एवढं पुरे. चेहरा सगळ्यात आधी बोलतो. मळकट दिसला तर पॅनेलमध्ये रंग कमी आहेत, आणि उलट उन्हात तापल्यासारखा लालबुंद दिसला तर पॅनेल एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवतं आणि सॉफ्टवेअर रंग सांभाळत नाहीये. हे दुसरं सेटिंगने सुटतं, लॅपटॉपमध्ये एसआरजीबी मोड असेल तर लावून बघा, पहिलं कधीच सुटत नाही.

ओलेड (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो ते पॅनेल) असेल तर काळा रंग बघून वेड लागतं हे मान्य, पण एक तपासणी कराच. ब्राइटनेस तीस टक्क्यांवर आणा, फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवा आणि स्क्रीनकडे धरा. जाड काळे पट्टे दिसले तर स्क्रीन लुकलुकतेय, काहींना त्याने काहीच होत नाही, काहींचं तासाभरात डोकं धरतं. तुमचं डोकं दुखत असेल तर कितीही सुंदर असली तरी ती स्क्रीन तुमच्यासाठी नाही. असे पट्टे काही एलसीडी पॅनेलवरही दिसतात, त्यामुळे ही तपासणी दोन्हीकडे करा.

लॅपटॉप घरी आला की परत द्यायची मुदत चालू असतानाच तीन गोष्टी करा. हार्डवेअर आयडी तोच आहे ना ते बघा. अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळी स्क्रीन लावून कडांना उजेड झिरपतोय का ते बघा. मग लाल, हिरवी, निळी, पांढरी अशी एकेक स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल शोधा, त्याआधी स्क्रीन कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या, धुळीचा कण आणि मेलेला पिक्सेल लांबून अगदी सारखेच दिसतात.