प्लेन बॉबचा पाढा पाठ करू नका

चर्चच्या मनोऱ्यातली दोरानं ओढायची घंटा एकट्यानं सांभाळता येते, राउंड्समध्ये (१, २, ३ असं ओळीनं वाजवण्यात) टिकता, आणि आता हातात प्लेन बॉब डबल्सचा, म्हणजे पाच घंटांचा क्रम ठरावीक रीतीनं बदलत नेणाऱ्या पद्धतीचा, कागद पडलाय? अभिनंदन. दोन-तीन महिने रडायची तयारी ठेवा.

मी लेस्टरशरमधल्या एका गावात शिकले, पस्तिशी उलटल्यावर. (पुण्यात पंचहौदच्या मनोऱ्यातही अशा आठ घंटा आहेत. शाळेला जाताना रोज तिथूनच जायचे, मान वर करून कधी पाहिलं नाही.) प्लेन हंट (प्रत्येक घंटा एकेक जागा मागे सरकते आणि शेवटाला पोचून तशीच पुढे येते, एवढंच) मला पहिल्याच आठवड्यात 'आलं'. माझी २ नंबरची घंटा. आधी ४ वाजली की तिच्या मागे मी, मग ५, ३, १ च्या मागे. पुन्हा ४, ५, ३, १. मग दोन ठोके सगळ्यांच्या पुढे. घोकंपट्टीत वाढलेली मी, मला काय अवघड!

इथंच फसले. प्लेन बॉबच्या पहिल्या नऊ ओळी (एका ओळीत पाचही घंटा एकेकदा) हंटसारख्याच जातात. नवव्या ओळीत ट्रेबल, म्हणजे १ नंबरची घंटा, पुढे येते: १३२५४. हंटमध्ये यानंतर १२३४५ आलं असतं, इथं येतं १३५२४. म्हणजे २ तिसऱ्या जागेवर आलेली, ती एक पाऊल मागे चौथ्यावर जाते आणि मग परत खाली, म्हणजे पुढच्या जागांकडे, येते. हा डॉज. तो मला जमला. पण त्यानंतर वर, म्हणजे मागच्या जागांकडे, जाताना क्रम ४, ५, १, ३ असा होतो. ४ आणि ५ बरोबर आले म्हणून मी निर्धास्त. पुढे १ च्या मागे ओढायचं होतं, मी ३ ची वाट पाहत बसले आणि थेट टेनरवर, म्हणजे दर ओळीच्या शेवटी वाजणाऱ्या मोठ्या घंटेवर, जाऊन आदळले. 'स्टँड!' (थांबा!) सगळे दोर थांबले, सगळे माझ्याकडे बघतायत. हे सलग चार बुधवार.

घंटांचे आकडे विसरा. स्वतःची जागा मोजा: एक, एक, दोन, तीन, चार, पाच, पाच, चार. ट्रेबल पुढे आली की काम बदलतं. २ साठी क्रम असा: तीन-चारचा डॉज खाली येताना, पाचव्या जागी चार ठोके, तीन-चारचा डॉज वर जाताना, शेवटी दुसऱ्या जागी दोन ठोके. एवढंच पाठ करा, भांडी घासताना म्हणा. आणि नजर एका दोरावर खिळवू नका. आपल्या आधी कोणता दोर खाली येतोय तो आपोआप दिसायला लागतो. लगेच नाही, पण लागतो, खरंच.

पाठीमागे उभं राहून 'आत्ता! आत्ता!' ओरडणारे गुरू टाळा. त्या संध्याकाळी सगळं बरोबर वाजतं, पुढच्या आठवड्यात डोकं कोरं. माझं भलं केलं ते न बोलता शेजारी उभ्या राहणाऱ्या एका आजोबांनी. मी चुकले की विचारायचे, "आता कितव्या जागी आहेस?" पहिले कित्येक दिवस मला उत्तरच देता यायचं नाही. फोनवरचं अ‍ॅप ओळी पाठ करायला ठीक आहे, पण त्यात दोराचं वजन कुठलं? मागे जायचं तर घंटा तोलावर क्षणभर धरावी लागते, ते बोटांना कळावं लागतं.

पूर्ण कोर्स ४० ओळींचा, जेमतेम दीड मिनिट. मला त्याला अकरा आठवडे लागले. शेवटी 'दॅट्स ऑल' (संपलं) ऐकू आलं तेव्हा मी तोंडानं अजून 'चार, पाच, पाच' पुटपुटत होते.