पत्र्याचं छप्पर आणि वीज: माझा अनुभव

वाळपईला कौलं काढून पत्रे घातले, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "आता वीज ओढून घेशील!" तसं नसतं, उंची महत्त्वाची, पत्रा नव्हे. पण मे महिन्यात जवळच्या माडावर वीज पडली आणि वायरीतून आलेल्या झटक्याने राउटर, पंप दोन्ही गेले. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (असा झटका अडवणारं उपकरण) बसवून घेतला. छपरावर पडलेली वीज जमिनीत जावी म्हणून तिथून जीआय पट्टी (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड) सरळ जमिनीत उतरवली (तांबं गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला लागलं की पत्रा गंजतो). खरी डोकेदुखी अर्थिंगची. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी, रेझिस्टन्स (विजेला जमिनीत शिरताना होणारा अडथळा) खालीच येईना. रॉड विहिरीकडच्या ओल्या मातीत ठोकला, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरलं, तेव्हा कुठे रेझिस्टन्स 10 ओहमखाली आला. ही अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडून घ्याच. वेगळी ठेवली तर दोन्हींमध्ये ठिणगी उडू शकते.